सहा मीटरवरचा उंदीर

संपादकांनी फोनवर सांगितलं, "शेठ, तुमच्या धंद्याबद्दल लिहा, पण भांडणं नकोत." मी म्हटलं, मग दुसरा माणूस बघा. माझ्या धंद्यातून भांडणं वजा केली तर मागे स्क्रूड्रायव्हर आणि तेलाची बाटली उरते. दिवाळीच्या अंकात त्याची चार पानं कोण वाचणार? ते हसले. मी हसलो नव्हतो. म्हणून सुरुवात भांडणापासूनच करतो.

भाईंदरमध्ये मला काही लोक 'फुगेवाला' म्हणतात. फुगे मी आयुष्यात विकले नाहीत. नवघर रोडवरच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्याला माझा स्वतःचा गाळा आहे. तो मी कुणाच्या बापाच्या कृपेने नाही, घासाघीस करून घेतलाय. तिथे मी एअर रायफली दुरुस्त करतो, जुन्या विकतो, त्यांच्यावर दुर्बिणी बसवतो आणि बसवलेली दुर्बीण नळीशी जुळवून देतो. बारुदाच्या, परवान्याच्या बंदुकीला मी हात लावत नाही. माझा छर्रा हवेच्या जोरावर जातो आणि कागदाला भोक पाडून भिंतीपुढच्या वाळूत थांबतो. खेळाची वस्तू आहे. एकदा एका सोसायटीचे चेअरमन कबुतरं उडवायला रायफल मागायला आले होते. त्यांना मी गाळ्याबाहेर काढलं तेव्हा माझा आवाज वरच्या मजल्यावरच्या बटणवाल्यापर्यंत गेला होता. तर असा माझा धंदा. आणि नाव काय पडलं? फुगेवाला.

नाव पडायला निमित्त आहे, ते लपवत नाही. रायगडातून आलो तेव्हा मी चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात घासायच्या मशीनवर होतो. तिथून सुटलो की बाबूलालकडे जायचो. बाबूलालची जत्रेत फुगे फोडायची गाडी असायची. लाकडी फळीवर रंगीत फुगे, पुढे चार बंदुका, पाच फुगे फोडले तर प्लास्टिकची बाहुली. त्या बंदुकांना दुर्बीण नसते. नळीच्या टोकाला मोहरीएवढा खिळा असतो, त्याला मक्खी म्हणतात. डोळा, मक्खी आणि फुगा एका रेषेत आले की घोडा ओढायचा. ती मक्खी पक्कड धरून केसभर वाकवायची, हे माझं काम.

"सीधी मत करना, दत्ता," बाबूलाल म्हणायचा. "सीधी बंदूक से गिराहक खुश रहता है और मेरे बच्चे उपवास रखते हैं."

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. जास्त वाकवली तर छर्रा फळीबाहेर जातो आणि गिऱ्हाईक ओरडतं. फुग्याच्या अगदी खाली, बोटभर अंतराने छर्रा जायला पाहिजे. म्हणजे माणूस चुकतो, पण थोडक्यात चुकतो. थोडक्यात चुकलेला माणूस पुन्हा खिशात हात घालतो. मला त्यात पाप वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. जत्रेत गेलेल्या माणसाला आपण हरणार हे माहीत असतं, तरी तो जातो. मी एवढंच म्हणेन की वाकडी कुठे करायची हे कळायला आधी सरळ कुठे आहे ते कळावं लागतं. ते मला त्या गाडीमागे उकिडवं बसून कळलं. पुढे बाबूलाल गावी निघून गेला आणि मी दुर्बिणींच्या कामाला लागलो.

आता कोरगावकर सर.

सर एका मोठ्या कंपनीतून अधिकारी म्हणून रिटायर झालेले. मीरा रोडला कॉम्प्लेक्समध्ये राहतात. घोडबंदरजवळच्या चेणे गावात, बंद पडलेल्या खदानीच्या कडेला त्यांनी मित्रांबरोबर क्लब काढला. दर रविवारी दुर्बीण लावलेल्या एअर रायफलींची स्पर्धा. पत्र्याचे प्राणी वेगवेगळ्या अंतरांवर उभे करायचे आणि छर्ऱ्याने पाडायचे. माझ्यासारख्याला आनंदच होता. क्लब म्हणजे गिऱ्हाईक. सर पहिल्यांदा गाळ्यात आले ते परदेशी दुर्बीण घेऊन. रायफलीपेक्षा दुर्बीणच मोठी दिसत होती.

म्हणाले, "दत्ताराम, एकदाच असं पक्कं सेटिंग करून दे की कुठल्याही अंतरावर बरोबर मध्यभागी बसलं पाहिजे."

इथे धंदा थोडा समजावून सांगावा लागेल. दुर्बिणीतून बघितलं की उभी आणि आडवी रेघ दिसते, त्यांची फुली होते. लोकांना वाटतं फुली ठेवली तिथे छर्रा जाणार. पण दुर्बीण असते नळीच्या वर. डोळा पहिल्या मजल्यावर आणि छर्रा सुटतो तळमजल्यावरून. डोळ्याची नजर सरळ जाते. छर्रा सरळ जात नाही, सुटल्यापासून खाली पडायलाच लागतो, जसं बागेला पाणी घालायच्या पाइपचं पाणी वाकतं तसं. म्हणून नळीचं तोंड नजरेच्या मानाने किंचित वर ठेवायचं. मग काय होतं? छर्रा तळमजल्यावरून निघतो, वर चढतो, नजरेची रेघ ओलांडतो, थोडा वेळ तिच्या वरून जातो आणि पुढे वाकून परत त्याच रेघेवर उतरतो. त्यानंतर खालीच.

दुर्बिणीवर दोन टोप्या असतात. त्यांच्याखालचे स्क्रू टिक-टिक करत फिरवले की फुली वर-खाली, डावी-उजवी सरकते. एक अंतर ठरवायचं, माझं पंचवीस मीटर. तिथे मारायचं, छर्रा कुठे लागला बघायचं, फुली तिथे आणायची. परत मारायचं. एका छर्ऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, पाचांचा घोळका कुठे पडतोय ते बघायचं. शूटिंगवाले ह्याला 'झिरो करणं' म्हणतात. झालं की पंचवीसला फुली आणि छर्रा एक. पण फक्त पंचवीसला, आणि चढताना जिथे रेघ ओलांडली त्या दहा-अकरा मीटरला. मधे छर्रा अर्ध्या बोटाने वर लागतो. चाळीसला चार बोटं खाली. आणि सगळ्यात गंमत म्हणजे अगदी जवळ, पाच-सहा मीटरवर, तो बोटभर खाली लागतो. कारण तळमजल्यावरून निघालेला छर्रा अजून पहिल्या मजल्यापर्यंत पोचलेलाच नसतो. म्हणजे लांब असेल तरी फुली वर धरायची, आणि अगदी जवळ असेल तरीही वरच. हे डोक्याला पटत नाही. हाताने मारून बघितल्याशिवाय कुणालाच पटत नाही.

म्हणून माझ्या गाळ्याचा नियम आहे. सेटिंग मी करतो, पण मालकाने स्वतः माझ्यासमोर तीन अंतरांवर मारल्याशिवाय रायफल बाहेर जात नाही. इस्टेटच्या मागच्या अंगाला लांब पॅसेज आहे. संध्याकाळी पलीकडचा दरवाजा बंद करून तिथे मारतो. शेजारचे जिग्नेशभाई स्टीलची भांडी पॉलिश करतात, त्यांची रद्दी ताटं मी निशाण्याला घेतो. जवळचं ताट, मधलं, लांबचं. आपला छर्रा कुठे लागतोय ते माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

सरांना मी हे सगळं सांगितलं. ते फोनवर होते. जवळच्या ताटाशी चला म्हटलं तर म्हणाले, "अरे दत्ताराम, गाडी रस्त्यात उभी आहे, लवकर कर." मी म्हटलं, मारल्याशिवाय नाही देणार. ते म्हणाले, "मला नेम शिकवणार का तू?" माझं डोकं फिरलं. रायफल त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, न्या मग.

पुढच्या आठवड्यात ते परत आले, सोबत क्लबची माणसं घेऊन. गाळ्यात आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती. म्हणाले, जवळचा निशाणा एकही लागला नाही, सेटिंग बोगस आहे. मग, माझ्या जत्रेतल्या कामाचं त्यांना कुणीतरी आधी सांगितलेलं असणार, माझ्याकडे बघून म्हणाले, "शेवटी फुगेवाला तो फुगेवालाच. वाकड्या बंदुका करायची सवय जात नाही." सगळे हसले. मी काय बोललो ते छापता येणार नाही. पण मी ओरडत होतो आणि ते हसत होते. हसणारा जिंकतो. क्लबमधली बरीचशी कामं त्या दिवसानंतर शहरातल्या दुसऱ्या माणसाकडे जायला लागली.

आणि क्लबात काय चाललं होतं? तिथे एक उंदीर होता. पत्र्याचा, त्याच्या पोटाला नाण्याएवढं भोक. छर्रा भोकातून गेला की मागची पट्टी दबते आणि उंदीर मागे कोसळतो. भोकाऐवजी पत्र्याला लागला तर टण्ण वाजतो आणि उभाच राहतो. सगळ्यात जवळचा निशाणा तो, सहा मीटरवर. आणि तोच कुणाचा पडायचा नाही. सरांनी सगळ्यांना शिकवलं होतं की जवळच्या निशाण्याला छर्ऱ्यात जोर जास्त असतो म्हणून तो वर लागतो, तेव्हा फुली खाली धरा. आधीच बोटभर खाली जाणारा छर्रा आणखी खाली. सगळे उंदराच्या पायांवर मारत होते. पण दोष कुणाला? बिजागरीला. गंजलीय म्हणाले. दर रविवारी सकाळी उंदराला तेल. मग स्प्रिंग बदलली. मग उंदरालाच रंग दिला आणि दर रविवारी नवा रंग द्यायची पद्धत पडली. त्यामुळे छर्ऱ्यांच्या खुणा कुठे आहेत तेही कुणाला दिसायचं नाही. हे मला क्लबचाच एक माणूस येऊन सांगायचा आणि मी दात-ओठ खायचो. जाऊन सांगावं असं एकदाही वाटलं नाही. मी कशाला सांगू? मी फुगेवाला.

अशात भारती आली.

घोडबंदरच्या हायवेवरच्या एका टॉवरला ती गेटवर सिक्युरिटीला होती. ड्यूटी संपवून युनिफॉर्मवरच आलेली. चेण्याची सून, माहेरही त्याच पट्ट्यातलं. क्लबने तिला घेतलं होतं, कारण मैदानाकडे जायचा रस्ता तिच्या सासरच्यांच्या जागेतून जातो. नाही म्हणायची सोय नव्हती. आतापर्यंत कुणाकुणाची रायफल मागून मारत होती, आता स्वतःची हवी होती. माझ्याकडे एक देशी रायफल पडून होती, दिसायला साधी पण नळी उत्तम.

भाव करण्यात मी कुणाला हार जात नाही. गुजराती व्यापाऱ्यांबरोबर केलेत मी सौदे. ह्या बाईने भावच केला नाही. मी आकडा सांगितला, तिने मान हलवली आणि स्टुलावर बसून राहिली. मी कमी केला. ती बसून. जिग्नेशभाई डोकावून गेले, "बेन ने चा पिवडावो ने," म्हणाले. मी चहा मागवला, तिने प्यायला, परत बसून. शेवटी मीच चिडून म्हटलं, तुला परवडतंय काय ते सांग. तिने सांगितलं. मी दिली. आजही त्या सौद्याचा मला राग आहे.

पण एक गोष्ट लक्षात राहिली. रायफल हातात घेणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न विचारतो, सरळ मारते ना? ती म्हणाली, "काका, ही कुठं मारते?"

पॅसेजमध्ये तिने जवळच्या ताटावर मारलं. बोटभर खाली. मी समजावून सांगायला तोंड उघडलं तोवर तिने फुली तेवढीच वर घेतली होती आणि दुसरा छर्रा मधोमध बसला होता. "ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "मना कललं." पहिला मजला, तळमजला, पाइपचं पाणी, माझं सगळं भाषण घशात राहिलं.

क्लबची तीन जणांची टीम पुण्याला मोठ्या स्पर्धेला जाणार होती. निवडीच्या आदल्या संध्याकाळी भारती गाळ्यात आली. चेहरा उतरलेला. घरी वाद झाला होता. दिराचं म्हणणं, बायकामाणसाने रविवारी बंदूक घेऊन खदानीत बसायचं म्हणजे काय. शेवटी तडजोड अशी ठरली की निवड झाली तर रायफल घरात राहील. नाही झाली तर विकायची आणि परत नाव काढायचं नाही. तिने शब्द दिला होता.

"न्हाय झालं तर तुमच्याकडंच आनते," ती म्हणाली. "गिऱ्हाईक बघून ठेवा."

गिऱ्हाईक होतंच. त्या रायफलीवर एकाचा डोळा होता आणि मला त्यात चांगली दलाली सुटणार होती. हे मी तिला सांगितलं नाही.

मग ती मुद्द्यावर आली. सरांनी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं, उद्या उंदराला फुली खाली धरा, जो धरणार नाही त्याला शिस्त नाही असं मी समजेन. "ते बोलतात खाली. ताटावर तर वर धरलं तेव्हा लागलं. मंग उंदराचं काय येगलं हाय का?"

ह्यावर शहाण्या माणसाने काय करायचं? पॅसेजमध्ये न्यायचं, पुन्हा दोन छर्रे मारायला लावायचे, जा म्हणायचं. मी काय केलं? मला फक्त सरांचं नाव ऐकू आलं. मी म्हटलं, "ताटावर स्वतः मारलंस ना? मग मला कशाला विचारतेस? का त्याने सांगितलं म्हणून ताट खोटं पडलं?"

"तसं न्हाय काका. निवडनार ते हायेत. तुमी न्हाय."

"मग त्यांचंच ऐक. त्यांच्याकडूनच सेटिंग करून घे. फुगेवाल्याकडे कशाला येतेस?"

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, रायफलीची पिशवी उचलली आणि गेली. शटर ओढताना माझं बोट चेपलं. बरं झालं.

दुसऱ्या दिवशी मला चेण्याला जायचं काही कारण नव्हतं. गेलो. बसमध्ये बसवेना, उभाच राहिलो, कंडक्टरशी सुट्ट्यावरून वाजलं. खदानीच्या कडेला क्लबने दोरी बांधली होती, बघणारे दोरीमागे. नियम असा की मागून कुणी काही सांगितलं तर मारणारा बाद. म्हणजे मला तोंड बंद ठेवायचं होतं, जे मला येत नाही. सर मैदानात टोपी घालून फिरत होते. मला बघून त्यांनी हात वर केला, जसा कुणी टपरीवाल्याला करतो. त्यांच्या माणसाने उंदराजवळ बसून बिजागरीला तेल घातलं. नवा पांढरा रंग चकाकत होता.

मी चहा घेतला, न पिता ठेवून दिला. जागा बदलली. परत पहिल्या जागी आलो. एक माणूस म्हणाला, "शेठ, जरा स्थिर उभे राहा, धूळ उडतेय." त्याच्याशी भांडलो असतो, पण आवाज काढायची चोरी.

दोन जागा दोन जुन्या मेंबरांनी सहज घेतल्या. तिसरी अडली भारती आणि मीरा रोडचा एक तरुण वकील यांच्यात. मधल्या अंतरावर दोघं बरोबरीत. चाळीसला खाडीकडून वारा आला आणि भारतीचा छर्रा पत्र्याच्या कावळ्याच्या शेपटीवर वाजला. वकिलाचाही चुकला. शेवटी राहिला उंदीर. वकिलाने सरांनी सांगितल्याप्रमाणे फुली खाली धरली असणार. टण्ण. उंदीर उभा. आता भारतीने पाडला तर ती जाणार. नाही पडला तर सर ठरवणार, आणि सर कुणाला घेणार हे दोरीमागच्या कुत्र्यालाही माहीत होतं.

ती मांडी घालून बसली. कोपर गुडघ्यावर. मी तिच्या मागे तिरका उभा, दुर्बिणीत काय दिसतंय ते मला दिसणार नव्हतं. दिसत होतं फक्त नळीचं टोक. ते हळूहळू खाली आलं आणि थांबलं. मला वाटलं गेलं, सरांचं ऐकलं हिने, आणि का ऐकू नये, मी तर हाकलून दिलं होतं. काल दोन मिनिटं डोकं थंड ठेवलं असतं तर काय बिघडत होतं? आता रायफल माझ्याच गाळ्यात येणार, मीच ती विकणार आणि मलाच दलाली मिळणार. मी दोरी इतकी घट्ट धरली की पलीकडचा खांब हलला.

टोक थोडं वर उचललं गेलं. परत थांबलं. मग आणखी केसभर वर.

टण्ण वाजलं नाही. नुसतं 'टक्' झालं आणि उंदीर मागे पडला.

कुणी टाळी वाजवली नाही. उंदीर पडलेला बघायची सवयच नव्हती कुणाला. सरच म्हणाले, "थांबा. तेल जास्त झालं असेल, हवेने पडला. परत उभा करा." मी तोंड उघडलं, शेजारच्या माणसाने माझा दंड धरला. उंदीर उभा केला. भारतीने छर्रा भरला, ह्या वेळी फार वेळ घेतला नाही. परत टक्. परत आडवा.

सर तिच्याजवळ गेले. माणूस खेळाचा खरा, हे मला मान्य करावं लागतं, कारण आता त्यांच्या आवाजात चीड नव्हती. "कुठे धरली होतीस फुली?"

"वर."

"जवळच्या निशाण्याला वर? कुणी शिकवलं?" आणि विचारताना त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला वाटलं, झालं. आता ही सगळ्यांसमोर माझं नाव घेणार. इतक्या वर्षांचं उट्टं एका शब्दात निघणार. मी कॉलर सारखी केली.

"जत्रेन शिकले," भारती म्हणाली. "लहान व्हते तवा. फुग्याच्या गाडीवं. त्या बंदुका खालीच मारायच्या, मंग मी फुग्याच्या वर धरायची. समद्या बाहुल्या जिकलेल्या. गाडीवाला मना बघून पलायचा." मग तिने माझ्याकडे बोट केलं. "ह्ये काका मागं पक्कड घेऊन बसलेले असायचे. बंदुका वाकड्या करनारे ह्येच न."

सगळा क्लब हसला. वकीलसुद्धा. सर तर पोट धरून हसले. "म्हणजे मी काही खोटं बोललो नव्हतो, दत्ताराम."

मी कॉलरवरचा हात खाली घेतला. 

भारती रायफल पिशवीत घालत होती. हसणं ओसरल्यावर, मान वर न करता, ती सरांना म्हणाली, "म्हनून तर मी ह्यांच्याकडं गेले, सर. वाकडी करता येते त्यालाच सरल कलते."

तिसरी जागा तिला मिळाली. रायफल घरी गेली. माझी दलाली बुडाली. परतीच्या वाटेवर ती बस स्टॉपपर्यंत माझ्याबरोबर आली. मी विचारलं, तू मला पहिल्या दिवसापासून ओळखलं होतंस तर बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तुमी भाव वाढवला असता." मी म्हटलं, असता. मग कालचं काहीतरी बोलावं म्हणून मी घसा खाकरला, तर बस आली.

ही गोष्ट झाल्यापासून मला नीट बसवत नाही. जिंकलो की हरलो ते अजून ठरत नाही. क्लबचे मेंबर एकेकटे गाळ्यात येतात, इकडेतिकडे बघतात आणि हळू आवाजात म्हणतात, शेठ, ते जवळचं जरा दाखवा. मी पॅसेजमध्ये नेतो, दाखवतो आणि पैसे पूर्ण घेतो. आता सहा मीटरवर ताट लावत नाही, फुगा बांधतो. भारतीने सांगितलं म्हणून. फुगा फुटला की माणसाला लगेच पटतं, ताटावर वाद घालतात. जिग्नेशभाई म्हणाले, गाळ्याच्या पाटीवर पण फुगा काढ. त्यांना मी जे म्हणालो तेही छापता येणार नाही.

सर मात्र आले नाहीत. ते आले तर काय बोलायचं, हे मी रोज ठरवतो आणि रोज बदलतो. दुप्पट मजुरी मागायची? क्लबात सगळ्यांसमोर एक वाक्य बोलायला लावायचं? का नुसतं स्टुलावर बसवून ठेवायचं, भारतीसारखं, गप्प?

हा लेख लिहायला बसलो त्याच्या आदल्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर आला. हातात सरांची रायफल, वर ती मोठी दुर्बीण. म्हणाला, साहेबांनी पाठवलीय, जवळचं बघून द्या. मी विचारलं, साहेब कुठायत? तो म्हणाला, गाडीत बसलेत. "गाडी रस्त्यात उभी आहे, काका, लवकर करा."

मी रायफल हातात घेतली नाही. म्हटलं, गाडी नीट बाजूला लाव. घाई नाही. मग साहेबांना घेऊन आत ये.

तोवर मी फुगा बांधून ठेवतो.